ऑरिनशी लावलेली जोडी

लोवेल स्ट्रँड गोठ्याच्या दारात कोसळला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. त्याच्या बायकोनं, ज्यूनीनं, तिथूनच फोन केला. अँब्युलन्स बावन्न मिनिटांनी आली. आमच्या अख्ख्या परगण्यात ती चालवणारे दोघं, दोघंही विनापगारी आणि दोघंही सत्तरी ओलांडलेले. एक त्या दिवशी नातीच्या लग्नाला गेला होता. दुसरा मका काढत होता. तो यंत्रावरून उतरला, घरी गेला, किल्ली घेतली आणि निघाला. त्याची काही चूक नव्हती. मला आजही सहन होत नाही ते हेच, की कोणाचीच काही चूक नव्हती.

ज्यूनी माझी शेजारीण. आमच्याकडे शेजारीण म्हणजे मध्ये दीड मैल शेत. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे हॅमचे सँडविच खात होते, तेव्हा मी तिचा हात धरून म्हटलं, "ज्यूनी, यावर मी कायदा करून आणते." ती म्हणाली, "बरं." ती मुळात कमी बोलते. या गोष्टीला आता चार वर्षं झाली.

मी मार्लिस ट्वेट. राज्याच्या सिनेटमध्ये एकोणीस वर्षं आहे. प्रत्येक परगण्यात पगारी माणसांची निदान एक अँब्युलन्स असावी, एवढंच माझं विधेयक. तीन वर्षांत तीन वेळा मांडलं, तीनही वेळा मेलं. पडलं नाही, पाडायला मतं लागतात. आमचं सभागृह पस्तीस जणांचं. आमचे अठरा, समोरचे सतरा. विधेयक मंजूर करायला अठरा पुरतात, पण बोलायला उभा राहिलेल्या माणसाला गप्प बसवायचं तर एकवीस लागतात. एकवीस आमच्याकडे कधीच नव्हते. तेव्हा समोरचे एकामागून एक उभे राहतात. प्रत्येकाला एका विधेयकावर एकच पाळी, पण त्या पाळीत पाय आणि घसा टिकेल तितकं बोलावं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजले की ज्यावर मतदान झालं नाही ते सगळं रद्द. वर्तमानपत्रवाले याला फिलिबस्टर म्हणतात. आम्ही आपसात नुसतं 'उभं राहणं' म्हणतो.

माझ्या विधेयकावर तीनही वेळा शेवटची पाळी घेतली ती ऑरिन केस्लरनं.

ऑरिनबद्दल मला मनापासून वाईट बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याचा मतदारसंघ माझ्या मतदारसंघाला लागून. राजधानी दीड तासावर. दहा वर्षं आम्ही त्याच्या गाडीतून भांडत गेलो आणि भांडत आलो. त्याचं म्हणणं असं, की पगारी माणसं आली की फुकट राबणारे घरी बसतील, आणि सगळा कर उरल्यासुरल्या शेतांवर पडेल. तो चुकतो, पण खोटं बोलत नाही. आणि अकरा वर्षांपूर्वी त्यानं माझ्याशी जोडी लावली होती.

जोडी म्हणजे काय, तर एखादा सदस्य आजारपणानं गैरहजर असला, की समोरच्या पक्षातला एक हजर सदस्य आपलं मत राखून ठेवतो. म्हणजे दोघांची मतं एकमेकांना छेदतात आणि आजाऱ्याचं नुकसान होत नाही. हे कुठल्याही नियमात नाही. कागद नाही, सही नाही. हात मिळवला की झालं. माझी आई शेवटच्या घटका मोजत होती, मी तिच्या उशाशी बसून होते, आणि इकडे सभागृहात ऑरिनचं लाडकं शाळांचं विधेयक आलं. मी विरोधात होते. त्यानं उठून सांगितलं, मार्लिस नाही म्हणून मी माझं मत राखून ठेवतो. विधेयक एका मतानं पडलं. त्याच्या पक्षातलं कोणी महिनाभर त्याच्या टेबलावर जेवायला बसलं नाही. माझ्याजवळ त्यानं हा विषय एकदाही काढला नाही. मला आईचा हात धरून बसता आलं.

तर गेल्या डिसेंबरात आमच्या उपाहारगृहात ऑरिन माझ्यासमोर ताट घेऊन बसला आणि म्हणाला, "जानेवारीत माझी छाती उघडणार आहेत. सहा आठवडे यायचा नाही. जोडी लावशील?"

"लावीन की."

"सगळ्याला?"

"सगळ्याला. सूप गार होतंय तुझं."

त्यानं टेबलावरून हात पुढं केला, मी चमचा ठेवून तो घेतला. संपलं. जानेवारीत आमच्याकडे होतंच काय? शोकप्रस्ताव होतात आणि पुलांना नावं देतात. नियम बदलायचं मतदान मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठरलं होतं आणि तोवर ऑरिन परत येणार होता. मी पक्षाची प्रतोद, कोण कुठं मत देणार याची डोकी मोजणं हेच माझं काम. त्या बाईचं स्वतःचं डोकं मोजायचं राहून गेलं.

नियम बदलायचा म्हणजे एकवीसचे अठरा करायचे. त्यासाठी हजर असलेल्यांचं साधं बहुमत पुरतं. हे आम्ही आधीच का केलं नाही, असं ज्यूनीनं एकदा विचारलं होतं. कारण आमचेच सहा जण तयार नव्हते. एकाला वाटे, उद्या आपण अल्पमतात गेलो तर आपल्या हातात काय उरणार. एकाला नुसती मनधरणी करून हवी होती. एक बाई म्हणायची, माझ्या आजोबांनी हा नियम लिहिलाय, मी ख्रिसमसला घरी कोणत्या तोंडानं जाऊ. सारा हिवाळा मी त्यांच्या दारात उभी होते. कॉफी पिऊन पिऊन माझ्या पोटात आग पडली. पाच जण वळले. सहावा अ‍ॅन्सेल रूड, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, सभागृहातला सगळ्यात जुना माणूस. त्याच्यापुढं मी हात टेकले.

जानेवारीच्या तिसऱ्या गुरुवारी आमच्या पक्षाची बैठक भरली. तळघरातली खोली, लांब टेबल, कोणीतरी घरून आणलेल्या चॉकलेटच्या वड्या. आमचा नेता कीथ ड्रेशर एक्केचाळीस वर्षांचा आहे, हुशार आहे, आणि त्याला कोणाचंही बोलणं पुरतं ऐकून घ्यायला वेळ नसतो.

"नियमाचं मतदान येत्या मंगळवारी घेतोय," कीथ म्हणाला.

अ‍ॅन्सेल वडी खात होता. तो म्हणाला, "मार्चमध्ये होतं ना?"

"मार्चमध्ये ऑरिन केस्लर आलेला असेल. आता तो हॉस्पिटलात आहे. तुम्ही विरोधात जाणार हे धरूनच चाललोय, अ‍ॅन्सेल. तुम्ही आणि त्यांचे सोळा मिळून सतरा. आपले राहिले सतरा. बरोबरी झाली की निर्णायक मत उपगव्हर्नरचं, आणि उपगव्हर्नर आपला आहे."

"आजारी माणूस बघून डाव साधायचा," अ‍ॅन्सेल म्हणाला. "छान."

"तीन वर्षं ते डावच साधतायत. मार्लिस, आकडा सांगा."

माझ्यासमोर वही उघडी होती. मी एकेका नावापुढं खूण करत खाली आले आणि माझ्या नावापाशी थांबले.

"सोळा," मी म्हटलं.

"सतरा."

"सोळा, कीथ. माझी ऑरिनशी जोडी आहे."

टेबलाच्या त्या टोकाला कोणीतरी हसलं. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

"तुमची?" कीथ म्हणाला. "एवढ्या अठरा जणांत तुमची? अहो, हा सगळा खटाटोप कोणाच्या अँब्युलन्ससाठी चाललाय?"

"माझ्या."

"मग?"

"हात मिळवलाय."

"कुठं लिहिलंय तसं?"

"कुठंच नाही. लिहिलेलं असतं तर एखादी पळवाट तरी काढली असती."

मग जे व्हायचं ते झालं. अर्धं टेबल म्हणालं, जोडीबिडी जुन्या काळातली थेरं आहेत. अर्धं म्हणालं, शब्द मोडला तर उद्या आपल्यातल्या आजाऱ्याला कोण विचारेल. जे पाच मी एवढ्या मुश्किलीनं वळवले होते, त्यातले दोन म्हणायला लागले, बघा, म्हणूनच आम्ही नको म्हणत होतो. एका पक्षाचे अठरा लोक इतके एकमेकांवर उलटलेले मी पाहिले नव्हते, आणि मधे तोंडात मारल्यासारखी मी बसलेली. शेवटी कीथ हळू आवाजात म्हणाला, "निदान फोन तरी करा त्याला. म्हणावं, एवढ्या एका मतापुरतं मोकळं कर."

मी फोन केला. त्याच्या बायकोनं, फर्ननं, उचलला. ऑरिनच्या घशात नळी होती, बोलणं शक्य नव्हतं. "मी काही निरोप देऊ का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "आत नेताना तो मला सांगत होता, सभागृहाची काळजी नाही, मार्लिस आहे. तेवढंच नीट बोलला बिचारा." मी फोन ठेवला. त्या माणसाचा त्या क्षणी मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं.

आता एकच रस्ता उरला होता. अ‍ॅन्सेल वळला तर आमचे सतरा, त्यांचे सोळा. माझा शब्दही राहील आणि अँब्युलन्सही येईल. रविवारी चर्च झाल्यावर मी त्याच्या तळ्यावर गेले. बर्फ दोन फूट जाड होता. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध अ‍ॅन्सेलची लाकडी खोपटी, आत गॅसची शेगडी, खाली बर्फात भोक आणि भोकावर गळ धरून बसलेला अ‍ॅन्सेल.

"दार लाव, पोरी," तो म्हणाला. मी त्रेसष्टची आहे.

मी उपड्या बादलीवर बसले. त्यानं थर्मासमधली कॉफी दिली. पोटातली आग आठवली तरी घेतली.

"तुम्हाला अँब्युलन्स हवीय," मी म्हटलं. "तुम्ही तीनही वेळा बाजूनं होतात."

"हवीच आहे. माझं वय बघ."

"मग मंगळवारी 'होय' म्हणा. एकदाच."

"असलं मत एकदाच नसतं." तो गळाकडे बघत होता. "सव्वीस वर्षांपूर्वी या तळ्याच्या कडेला खाण यायची होती. समोरच्यांची मतं भरपूर, आपण पंधरा. मी उभा राहिलो. अकरा तास. बुटात रक्त आलं होतं. त्या रात्री इथल्या लोकांना शब्द दिला, हा नियम मोडू देणार नाही. तो नियम नसता तर तू आत्ता बादलीवर कुठं बसली असतीस ते सांग."

"त्यात लोवेलचा काय दोष?"

"काहीच नाही." त्यानं डोळे पुसले. शेगडीच्या धगीनं असेल. "मार्लिस, ऑरिनला दिलेला शब्द तुला मोडवत नाही ना?"

"नाही."

"मग तो राहावा म्हणून मी माझा मोडायचा. हेच मागायला आलीस ना एवढ्या थंडीत?"

मी कॉफी संपवली. निघताना त्यानं दोन मासे कागदात गुंडाळून दिले आणि म्हणाला, "लोण्यात परत. जास्त काही घालू नको." घरी येऊन मी ते परतले आणि उभ्याउभ्याच खाल्ले. मासे फार चांगले होते. त्याचाही राग आला.

मंगळवारी माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले. हे वाक्य मी कधी म्हटलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. "सन्माननीय सदस्य ऑरिन केस्लर आज इथं असते तर त्यांनी 'नाही' असं मत दिलं असतं. मला मोकळीक असती तर मी 'होय' म्हटलं असतं. आमची जोडी आहे. मी माझं मत राखून ठेवते." समोरच्या बाजूला दोघातिघांनी माना खाली घातल्या. आमच्या बाजूला सगळे माझ्याकडे बघत होते. होय सोळा, नाही सतरा. नियम होता तसा राहिला.

संध्याकाळपर्यंत माझं प्रतोदपद गेलं. कीथनं ओरडाआरडा केला नाही. तो म्हणाला, "मार्लिस, तुम्ही चांगल्या आहात. मला मोजता येतील अशी माणसं हवीत." मी वही त्याच्या टेबलावर ठेवली. खरं सांगायचं तर हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

ज्यूनीकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. ती गाईंना चारा टाकत होती. "नियम बदलला नाही," मी म्हटलं. "एका मतानं गेलं."

"कोणाच्या?"

"आमच्यातल्याच," मी म्हटलं. हे खरंच होतं. तिनं मान हलवली आणि पुढच्या गाईकडे गेली.

तरीही मी चौथ्यांदा विधेयक पुढं रेटलं. आशा सुटत नाही हीच पंचाईत आहे. कीथनं ते मुद्दाम ढकलत ढकलत मार्चअखेरीच्या शेवटच्या दोन दिवसांवर आणून ठेवलं. पण यंदा एक वेगळं झालं. समोरच्यांमध्ये सर्दीतापाची साथ होती. त्यांच्या पाळ्या भराभर संपल्या. कोणी दीड तास बोललं, कोणी वीस मिनिटं. शेवटच्या दिवशी सकाळी साडेदहाला सगळे बोलून झाले होते आणि एकच पाळी शिल्लक होती, ऑरिनची. तो परत येऊन पाच आठवडे झाले होते. वजन इतकं उतरलं होतं, की कॉलरमध्ये मान हलत होती. आल्याच्या दिवशी त्यानं माझ्या टेबलावर फर्नच्या हातचं काकडीचं लोणचं आणून ठेवलं, बाटलीभर. "कळलं मला," एवढंच म्हणाला. पक्षातले त्याला म्हणत होते, तू यंदा बसून घे. तो बसला नाही. साडेदहाला उभा राहिला.

वर प्रेक्षकांच्या सज्जात ज्यूनी बसली होती. या वर्षी मीच तिला आग्रह करून आणलं होतं.

सहा वाजेपर्यंत साडेसात तास. बसायचं नाही, खायचं नाही, टेबलाला टेकायचं नाही, विषय सोडायचा नाही. तो खाली बसला की बोलणं संपलं, मग मतदान, आणि मतदानात आमचे अठरा पक्के होते. म्हणजे सगळं त्या एका माणसाच्या दोन पायांवर आलं होतं. दोन वाजता आमच्याकडचे घड्याळ बघायला लागले. तीन वाजता त्याचा आवाज फाटला. सव्वातीनला त्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि तो तोंडापर्यंत नेताना निम्मं पाणी सांडलं. चेहरा राखेसारखा. कीथ माझ्याजवळून जाताना वाकून म्हणाला, "दहा मिनिटं. फार तर पंधरा. मिळाली तुम्हाला तुमची अँब्युलन्स."

मी ऑरिनकडे बघत होते. त्याचा डावा हात शर्टाच्या बटणांवर गेला होता, जिथं शिवलं होतं तिथं. तो बोलत होता, पण वाक्यांचे शेवट गळत होते. मला वर बघायचं नव्हतं. मी वर बघितलं. ज्यूनी पुढं वाकून कठडा धरून बसली होती. चार वर्षांत मी तिला असं काही हवं असलेलं पाहिलं नव्हतं.

आमच्या सभागृहात एक रीत आहे. उभ्या माणसाला कोणीही प्रश्न विचारू शकतं. त्यानं प्रश्न घ्यायचं कबूल केलं, तर प्रश्न संपेपर्यंत त्याला बसता येतं आणि पाळी जात नाही. ही सोय मित्रांसाठी. आपल्या माणसाला दम खायला मिळावा म्हणून त्याच्याच पक्षातलं कोणीतरी लांबलचक प्रश्न विचारतं. पण त्या वेळी त्याच्या बाजूला सहा जण होते, त्यातले दोन डुलक्या घेत होते आणि बाकीचे फोनमध्ये. ऑरिनचा गुडघा वाकला. त्यानं तो परत सरळ केला.

मी उठले. "सन्माननीय सदस्य एका प्रश्नासाठी थांबतील का?"

अध्यक्षाच्या खुर्चीतला उपगव्हर्नर माझ्याकडे बघतच राहिला. कीथनं डोक्याला हात लावला. ऑरिनला वाटलं असावं, मी काहीतरी डाव टाकतेय. त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला, "थांबतो," आणि धपकन खुर्चीत बसला.

प्रश्न विषयाला धरून हवा. मला एकच लांब गोष्ट तोंडपाठ होती. "सदस्यांना हे ठाऊक आहे का," मी म्हटलं, "की ऑस्टबी गावातल्या शेडमधून अँब्युलन्स निघाली, की धान्याच्या कोठारापाशी तिला आधी डावीकडे वळावं लागतं? आणि तिथं रेल्वेचं फाटक लागतं?" आणि मग मी तो सगळा रस्ता सांगत गेले. फाटक, मालगाडीचे डबे, खडीचा रस्ता, ओढ्यावरचा एका गाडीपुरता पूल, कुठल्या वळणावर कोणाचा कुत्रा आडवा येतो, कुठं पाटी पडलीय म्हणून नवखा माणूस चुकतो. प्रत्येक वाक्याच्या आधी 'हे ठाऊक आहे का'. घाई केली नाही. मधे एकदा पाणी प्यायले. ऑरिन डोळे मिटून बसला होता, छाती वरखाली होत होती. मग ती संथ झाली. कोणीतरी त्याच्या ग्लासात पाणी भरलं. त्याच्या गालांवर रंग आला. मी लोवेलच्या गोठ्याच्या दारापाशी पोचले तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती.

"आणि हे सगळं ठाऊक असेल," मी म्हटलं, "तर इथवर यायला किती वेळ लागतो, ते सदस्य सांगतील का?"

ऑरिन टेबलावर दोन्ही हात रोवून उठला.

"बावन्न मिनिटं," तो म्हणाला. आवाज परत आला होता. "चार वर्षं ऐकतोय. सन्माननीय सदस्यांचा मी आभारी आहे."

मग त्यानं समोरचा कागद उचलला आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं वाचायला लागला. मला वाटलं होतं, आता तो बसेल. खरंच वाटलं होतं. तो सहा वाजेपर्यंत बोलला.

कीथ माझ्याकडे न बघता निघून गेला. अ‍ॅन्सेल जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला, पण मला तो झटकून टाकावासा वाटला. कोट घालून मी बाहेर आले तर ज्यूनी गाडीपाशी उभी होती.

तासभर मी गाडी चालवत होते. शेतांत अजून मळका बर्फ होता आणि उजेड जात चालला होता. ऑस्टबीचं कोठार मागं पडलं, फाटक आलं. मालगाडी चालली होती. मी गाडी थांबवली. डबे जात राहिले.

"तो बसत होता," ज्यूनी म्हणाली.

"पडत होता, ज्यूनी. मेला असता तिथं."

"तिथं मेला नसता. तिथं अँब्युलन्स चार मिनिटांत येते." ती डब्यांकडे बघत होती. "जानेवारीतलं मतही तुझंच होतं. पेपरात आलं होतं. मला वाटलं, तू सांगशील."

मालगाडी संपली, फाटक वर गेलं, मी गाडी पुढं काढली. खडीचा रस्ता, पूल, वळण. तिच्या घरापाशी मी गाडी थांबवली आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पुढच्या वर्षी मी परत..."

"नको," ज्यूनी म्हणाली. ती रागावलेली नव्हती. फक्त दमलेली दिसत होती, माझ्यासारखीच. "शब्द नको देऊस, मार्लिस. तू शब्दाची पक्की आहेस, कोणीही सांगेल. पण माझा नंबर नेहमी मागं लागतो."

तिनं दार हळूच लावलं आणि ती गोठ्याकडे गेली. गाईंची वेळ टळून गेली होती.